आधी वेळ, मग विरजण

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या घरून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: पोटासाठी कुठली प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंची, कॅप्सूल चालू करू? त्यावर माझे उलट तीन प्रश्न असतात. संडासला रोज किती वाजता बसवता? सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळ लागतो? आणि गेल्या वर्षभरात अँटिबायोटिकचे किती कोर्स झाले? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय कॅप्सूलवर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आतड्यातल्या जिवाणूंचं महत्त्व खरं आहे. पण ते ज्या नळीत राहतात ती तुंबलेली असेल, तर वरून कितीही चांगले जिवाणू सोडले तरी ते टिकत नाहीत.

नळी तुंबते कशी? मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे पोटाच्या उजवीकडून वर जाऊन आडवा डावीकडे येणारा, व्हेगस नावाच्या मज्जातंतूवर चालतो. तो थेट मेंदूतून येतो, मज्जारज्जूतून नाही, म्हणून इजेनंतरही शाबूत राहतो. पुढचा डावीकडून खाली उतरणारा भाग आणि गुदाशय यांचा ताबा मात्र मज्जारज्जूच्या शेपटाकडच्या एस-२ ते एस-४ या खंडांकडे असतो. वरचा भाग मळ पुढे ढकलतो आणि खालचा भाग हुकूम मिळेपर्यंत थांबून राहतो. निरोगी माणसात अन्नाचा उरलेला भाग साधारण एक ते दीड दिवसात मोठं आतडं ओलांडतो. इजेनंतर याला दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. आतडं या सगळ्या वेळात पाणी शोषतच राहतं आणि मळाचे खडे होतात.

आता जिवाणूंकडे. खाल्लेला चोथा, म्हणजे फायबर, आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतो. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं छोटं आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. मळ दिवसेंदिवस एकाच जागी राहिला की चोथा सुरुवातीच्या टप्प्यातच संपतो. मग खालच्या भागातले जिवाणू प्रथिनांकडे वळतात आणि त्यातून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइडसारखे पदार्थ सुटतात. पोट ढोलासारखं होतं, वाऱ्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तो यामुळेच. तुर्कस्तानात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मज्जारज्जूला इजा झालेल्या काही जणांच्या मळाची तुलना निरोगी माणसांच्या मळाशी केली होती. इजा झालेल्यांमध्ये ब्युटिरेट तयार करणाऱ्या जिवाणूंच्या काही जाती स्पष्टपणे कमी होत्या. अभ्यास लहान आहे, पण संथ आतड्यात जे घडतं त्याच्याशी तो जुळतो.

त्याच वर्षी अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. इजेआधी अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जिवाणू विस्कटलेले उंदीर इजेतून कमी सावरले. इजेनंतर रोज प्रोबायोटिक दिलेल्या उंदरांची हालचाल इतरांपेक्षा बरी सुधारली. या एका प्रयोगावर बोट ठेवून ‘प्रोबायोटिकने मणका बरा होतो’ असं सांगत कोणी पावडर विकत असेल, तर घेऊ नका. ते उंदीर होते, औषध इजेनंतर लगेच सुरू झालं होतं, आणि माणसांत असा परिणाम कुणी सिद्ध केलेला नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे नळी वेळेवर रिकामी करणं. त्यासाठी आपलं आतडं दोन प्रकारांतलं कुठलं हे माहीत हवं. इजा मज्जारज्जूच्या टोकाच्या वर असेल, म्हणजे मानेत किंवा छातीच्या मणक्यांत, तर खालचं प्रतिक्षिप्त चक्र जिवंत राहतं. गुदद्वाराचा स्नायू घट्ट असतो, आत बोट फिरवलं की आतडं स्वतःहून आकुंचन पावतं. इजा मज्जारज्जूच्या टोकालाच किंवा त्याखालच्या मज्जातंतूंच्या जुडग्याला झाली असेल, तर ते चक्रच तुटलेलं असतं. स्नायू सैल पडतो, मळ आत साचतो आणि खोकलं, शिंकलं, खुर्चीवरून पलंगावर सरकलं की थोडा थोडा बाहेर येतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्यामुळे ‘एल-१ फ्रॅक्चर’, म्हणजे कमरेचा पहिला मणका मोडला, एवढ्यावरून प्रकार ठरत नाही. डॉक्टर गुदद्वाराजवळची कातडी हलकेच टोचून स्नायू आकसतो का ते पाहतात, त्यावरून कळतं. शिवाय इजेनंतरचे पहिले काही दिवस ते आठवडे स्पायनल शॉकमुळे, म्हणजे मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त चक्रं तात्पुरती बंद पडल्यामुळे, सगळ्यांचंच आतडं सैल असतं. म्हणून डिस्चार्जच्या वेळी शिकवलेली मळ काढायची पद्धत दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यायला हवी. हे सांगायचं राहून जातं, आणि माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या प्रकाराची पद्धत करत राहतात.

पहिल्या प्रकाराची, म्हणजे घट्ट आतड्याची, पद्धत तपशिलात सांगते, कारण बिघाड तपशिलातच होतात.

वेळ जेवणानंतर किंवा निदान गरम चहा-नाश्त्यानंतर २० ते ३० मिनिटांची धरा. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला ढकल मिळते. ती इजेनंतर क्षीण होते, तरी तिचा उपयोग करून घ्यावा. सकाळ की रात्र हे घराच्या सोयीने ठरवा, मात्र ठरलं की बदलू नका. आधी लघवीची पिशवी रिकामी करा किंवा कॅथेटर घालून मूत्राशय मोकळं करा. बसता येत असेल तर कमोड खुर्चीवर, नसेल तर डाव्या कुशीवर गुडघे दुमडून आणि खाली प्लास्टिकचं कापड घालून. नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या, ग्लोव्हज शक्यतो नायट्राइलचे, आणि बोटावर भरपूर जेली. गुदाशयात खाली मळ असेल तर आधी तो एका बोटाने काढा. हे टाळून मळातच सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) खुपसली तर ती मळात वितळते आणि काम करत नाही. ‘गोळी लागूच पडत नाही’ या तक्रारीचं सर्वांत साधं कारण हेच. सपोझिटरी बोटभर आत, आतड्याच्या भिंतीला टेकवून ठेवायची. ग्लिसरीनची चालत असेल तर तीच वापरा. ती पुरत नसेल तर आतड्याला चालना देणारी बायसाकोडिल १० मिलिग्रॅम. बायसाकोडिलमध्येही फरक असतो: तेलकट, चरबीच्या आधारावर बनवलेली सपोझिटरी उशिरा लागू पडते, पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या आधारावर बनवलेली लवकर. उपलब्ध असेल तर औषधवाल्याला नीट विचारून दुसरी घ्या.

मग १५ ते २० मिनिटं थांबायचं. या वेळात पोटाला मसाज करा. उजव्या मांडीच्या सांध्याजवळून वर, बेंबीच्या वरून आडवं डावीकडे, डावीकडून खाली, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. त्यानंतर बोटाची उत्तेजना. बोट २ ते ३ सेंटीमीटर आत, टोक बेंबीच्या दिशेला, बोटाचा मऊ भाग भिंतीला टेकवून हलके गोल फिरवायचं. साधारण १५ ते २० सेकंदांत स्नायू बोटाभोवती सैल पडल्याचं जाणवतं. वारा सरतो, मागोमाग मळ खाली येतो. एका मिनिटाहून जास्त फिरवू नका आणि जोर लावू नका. ५ ते १० मिनिटं थांबून पुन्हा. लागोपाठ दोनदा काही आलं नाही, नुसता चिकट पदार्थ आला किंवा स्नायू बोटावर घट्ट मिटला, की झालं. शेवटी एकदा बोट घालून आत काही राहिलं नाही ना ते पाहा. सगळं मिळून तासाच्या आत व्हावं. रोज दीड-दोन तास लागत असतील तर पद्धतीत काही तरी चुकतं आहे. ‘आमचं असंच असतं’ म्हणून ते सोडून देऊ नका. तेवढा वेळ कडक कमोडवर बसलं की बसायच्या हाडांवर बेडसोर होतात, आणि ते भरून यायला महिने जातात. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून केलेला कमोड बहुतेक घरांत असतो. त्याच्या कडेला फोमची जाड गादी आणि रेक्झिन लावा, आणि हात आत जाईल अशी एका बाजूने मोकळी जागा ठेवा.

दुसऱ्या प्रकाराच्या, म्हणजे सैल आतड्याला यातलं बरंचसं लागू नाही. तिथे बायसाकोडिल आणि बोट फिरवणं यांचा फारसा उपयोग नसतो, कारण ज्या चक्राला जागवायचं तेच नाही. बोटाने मळ काढणं हीच पद्धत, दिवसातून एकदा किंवा दोनदा. मळही थोडा घट्ट हवा. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी १९९७ साली मांडलेल्या मळाच्या सात प्रकारांच्या तक्त्यावर घट्ट आतड्याला चौथा प्रकार हवा, म्हणजे गुळगुळीत आणि मऊ, केळ्यासारखा. सैल आतड्याला तिसरा बरा, वरून चिरा गेलेला पण आकार धरणारा. सैल आतडं असलेल्या माणसाला कोणी प्रेमाने रोज रात्री एरंडेल पाजलं की दुसऱ्या दिवशी पँट खराब होणार हे ठरलेलं.

एक धोका वेगळा सांगायलाच हवा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल, तर तुंबलेला मळ किंवा जोरात फिरवलेलं बोट यामुळे रक्तदाब एकाएकी चढू शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम सुटतो, नाक चोंदतं. अशा माणसाचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो. म्हणून यंत्रावर १३० किंवा १४० दिसला तर ‘नॉर्मलच आहे’ म्हणू नका. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढला की धोका सुरू. ताबडतोब बोट काढा, माणसाला ताठ बसवा, पाय खाली सोडा, पोटपट्टा, मोजे, पट्टा सैल करा. कॅथेटरची नळी मुडपली नाही ना ते आधी बघा, कारण लघवी तुंबणं हे सर्वांत नेहमीचं कारण. लघवी मोकळी असेल तर बधिर करणारी २ टक्के लिग्नोकेन जेली आत लावून पाच मिनिटं थांबा, मग हलक्या हाताने मळ काढा. दर २ ते ५ मिनिटांनी रक्तदाब मोजा. १५० च्या वर राहिला तर दवाखाना गाठा, वाट पाहू नका. ज्यांना हा त्रास नेहमी होतो त्यांनी साध्या जेलीऐवजी लिग्नोकेन जेलीच रोज वापरावी का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आता खाण्याकडे, कारण जिवाणूंचं खाद्य तिथून येतं. ‘चोथा वाढवा’ हा सल्ला सगळ्यांना सरसकट दिला जातो, आणि या आजारात तो नेहमी बरोबर नसतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मज्जारज्जूला इजा झालेल्या ११ जणांचा रोजचा चोथा सुमारे २५ वरून ३१ ग्रॅमवर नेला. मळाचा प्रवास वेगवान व्हायच्या ऐवजी २८ तासांवरून ४२ तासांवर गेला. कारण समजण्यासारखं आहे. आतड्याला ढकलण्याची ताकदच नसेल, तर ढिगारा मोठा केल्याने तो हलत नाही. म्हणून सुरुवात रोज १५ ग्रॅमच्या आसपास करा आणि मळाचा प्रकार पाहत हळूहळू वाढवा. हिशेब घरच्या ताटात करता येतो. ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या १०० ग्रॅम पिठात १० ते ११ ग्रॅम चोथा असतो. एका मध्यम भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे दोन भाकऱ्यांतच १० ते १२ ग्रॅम झाला. पांढऱ्या तांदळात जेमतेम ३ ग्रॅम. पालेभाजी आणि एखादं फळ धरलं की १५ पूर्ण. यावर कुणी दोन चमचे इसबगोल चढवलं आणि पाणी कमी पडलं, तर इसबगोल आतच फुगून खळीसारखं बसतं. इसबगोल घ्यायचंच असेल तर एका चमच्याला मोठा पेलाभर पाणी, आणि ज्याच्या गुदाशयात आधीच खडे आहेत त्याला ते साफ होईपर्यंत मुळीच नाही.

पाण्याची गोष्ट लघवीशी बांधलेली आहे. दिवसातून चार-पाच वेळा कॅथेटर घालणारा माणूस एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर लघवी साठू देऊ शकत नाही. त्यामुळे त्याला पाणी दोन लिटरच्या आसपासच पिता येतं. ते दिवसभर विभागून प्यावं, आणि चोथा त्या पाण्याच्या हिशेबाने ठेवावा.

ताक, दही, आंबील यांनी आतड्यात चांगले जिवाणू जातात का? जातात, पण कुठले आणि किती ते दर विरजणाला बदलतं. ताक रोज जेवणात घ्यावं, पाणी आणि चव दोन्हींसाठी. मात्र औषध म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. उसळी, विशेषतः मटकी-वाल, जिवाणूंना आवडतात पण वारा फार धरतात. मानेला इजा झालेल्या माणसाचं पोट फुगलं की श्वासाला अडथळा होतो. त्यांनी उसळ अर्धी वाटी, दुपारच्या जेवणात घ्यावी.

औषधांत मळ मऊ करणारी पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) पावडर १७ ग्रॅम पेलाभर पाण्यात ही सगळ्यांत शहाणी निवड. ती आंबत नाही, म्हणून वारा धरत नाही. लॅक्टुलोज या औषधाला मात्र जिवाणू आंबवतात, त्यामुळे पोट फुगतं. सोनामुखीला ८ ते १२ तास लागतात, म्हणून सकाळच्या पद्धतीसाठी ती आदल्या रात्री. दुकानात मिळणाऱ्या ‘पोट साफ’ चूर्णांपैकी बऱ्याच चूर्णांत सोनामुखीच असते. डॉक्टरांनी सोनामुखीची गोळी दिलेली असताना वर चूर्ण घेतलं तर डोस दुप्पट होतो. याउलट मूत्राशयासाठीची ऑक्सिब्युटिनिन, सॉलिफेनासिन, दुखण्यासाठीचं ट्रामाडॉल, अमिट्रिप्टिलिन, लोहाच्या गोळ्या, बॅक्लोफेन ही सगळी कमी-जास्त प्रमाणात आतडं मंदावतात. बद्धकोष्ठ अचानक वाढलं तर आधी गेल्या महिन्यातली नवी औषधं आठवा.

आणि अचानक पातळ संडास लागली तर? घाईने जुलाब थांबवणारं लोपेरामाइड देऊ नका. कित्येकदा वर खड्यांचा बूच बसलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने पाझरतो. लोपेरामाइडने बूच आणखी घट्ट होतो. बोट घालून पाहा. खाली काही लागत नसेल तरी पोट टणक असेल आणि दोन-तीन दिवस नीट मळ झाला नसेल तर पोटाचा एक्स-रे काढून घ्या. अँटिबायोटिक चालू असताना किंवा नुकतंच संपल्यावर पातळ संडास, ताप, पोटात कळा असतील तर मात्र मामला वेगळा. तेव्हा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूची तपासणी हवी.

अँटिबायोटिकवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंना सर्वांत मोठा फटका तिथूनच बसतो, आणि त्यातला बराचसा टाळता येतो. कॅथेटर वापरणाऱ्या माणसाची लघवी कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहायच्या तपासणीला, पाठवली की त्यात जिवाणूंची वाढ जवळजवळ नेहमीच येते. रिपोर्टवर लाल अक्षरं दिसली की घरचे घाबरतात आणि कोर्स सुरू होतो. नुसती वाढ आली, लघवी थोडी गढूळ झाली किंवा वास आला, तर अँटिबायोटिक नको. आधी पाणी वाढवावं, कॅथेटरची स्वच्छता पाहावी. ताप, थंडी वाजणं, पायांच्या आकड्या एकाएकी वाढणं, लघवीची नवीन गळती, लघवीतून रक्त, रक्तदाब चढणं यांपैकी काही असेल तरच कोर्स, आणि मग तो पुरा. दर अनावश्यक कोर्सनंतर आतड्याची घडी पुन्हा बसायला आठवडे जातात. महिनोन्‌महिने बसवलेलं संडासचं वेळापत्रक त्यात मोडतं.

अशा खऱ्या कोर्सच्या वेळी प्रोबायोटिकला काही अर्थ असू शकतो. इंग्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मज्जारज्जूच्या इजेच्या रुग्णांना अँटिबायोटिकच्या काळात आणि पुढे ७ दिवस लॅक्टोबॅसिलस केसई शिरोटा या जातीचं पेय रोज दिलं. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब पेय घेणाऱ्यांत १७ टक्के, न घेणाऱ्यांत ५५ टक्के. नंतर झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र एवढा फरक दिसला नाही. आपल्याकडे याकुल्टच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत हीच जात असते. घ्यायचं तर अँटिबायोटिकच्या डोसनंतर दोन तासांनी, आणि कोर्स संपल्यावर आठवडाभर. मध्यवर्ती शिरेत सलाइनची नळी असेल, माणूस आयसीयूत असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हे सगळं करूनही तासाच्या वर वेळ लागतो, आठवड्याला एखादी तरी गळती होते, अशांसाठी गुदद्वारातून पाण्याने आतडं धुण्याची पद्धत आहे. फुग्याचा कॅथेटर गुदद्वारात बसवून अंगाइतकं कोमट, ३६ ते ३८ अंशांचं ५०० ते ७०० मिलिलिटर पाणी सावकाश सोडायचं. युरोपातल्या पाच केंद्रांत ८७ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीपेक्षा याने बद्धकोष्ठ आणि गळती दोन्ही कमी झाली. खर्च बराच येतो. म्हणून कुणी बागेची नळी किंवा घरचं एनिमाचं भांडं जोडून प्रयोग करतं. तसं कृपा करून करू नका. संवेदना नसलेल्या आतड्याला भोक पडलं तरी त्या माणसाला दुखत नाही, आणि कळेपर्यंत पोटात विष पसरलेलं असतं. साबणाच्या पाण्याचा एनिमाही नको, तो अस्तर जाळतो.

पद्धतीत बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ३ ते ५ खेपा तशाच होऊ द्या. पीईजी सुरू केली, वेळ बदलली आणि इसबगोल बंद केलं, हे तिन्ही एकाच सोमवारी केलं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. साध्या दोनशेपानी वहीत रोज एक ओळ लिहा: सुरुवात किती वाजता, शेवट किती वाजता, मळाचा प्रकार, किती झाला, मधल्या वेळात गळती झाली का, कुठलं औषध. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. दोन महिन्यांच्या साठ ओळी समोर असल्या की कॅप्सूल हवी का, याचंही उत्तर त्यातच सापडतं.